हद्दीचे कारण सांगून शेतकऱ्याला परत पाठवू नये

महोदय,

विहिरीवरची मोटर चोरीला गेली, की आमच्याकडील शेतकरी ऐन कापूस वेचणीत दिवस मोडून पोलीस ठाण्यात जातो. गेल्या हंगामात मीही गेलो, तेव्हा ‘तुमचे शेत आमच्या हद्दीत येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले, आणि मी निमूट परतलो याची आजही खंत वाटते. वास्तविक, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यावी लागते. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवता येते व तेथेही दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवण्याचे बंधनही पोलिसांवर आहे. हे तर गावात क्वचितच कोणाला ठाऊक असते. ही माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर सोप्या मराठीत लावावी, तसेच पोलीस पाटलांनी ती ग्रामसभेत वाचून दाखवावी, अशी जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती आहे.

– एक कापूस उत्पादक शेतकरी, जि. यवतमाळ