प्रोस्टेट आणि फोंडा घाट

संपादक महोदय,

माझे वडील देवगडहून एसटीने कोल्हापूरला जायचे ठरले, की आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणेच सोडतात आणि तरीही फोंडा घाट लागण्यापूर्वी वाहकाला लघवीसाठी गाडी थांबवण्याची विनंती करतात. (पाणी तोडून प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची, वाढली की लघवीचा त्रास देणारी ग्रंथी, लहान होत नाही, हे त्यांना कोण सांगणार!) वाढलेली ग्रंथी दुर्बिणीतून खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया आजही खात्रीची मानली जाते, मात्र मूत्रमार्गातून सुई नेऊन दर टोचणीला ९ सेकंद पाण्याची वाफ ग्रंथीत सोडण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली असून, वाफेने मेलेल्या पेशी शरीर हळूहळू शोषून घेते आणि लैंगिक क्षमतेवर सहसा परिणाम होत नाही. आराम पडायला काही आठवडे जातात, सुरुवातीचे काही दिवस लघवीची नळी बाळगावी लागते आणि फार मोठ्या ग्रंथीसाठी हा उपाय सहसा सुचवत नाहीत, हेही रुग्णाला आधीच सांगायला हवे. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एकदा तरी मूत्ररोगतज्ज्ञांची तपासणी ठेवावी, म्हणजे कोणाचे गोळ्यांवर भागेल आणि कोणाला सुई लागेल, याचा निवाडा घाट न चढता होईल.

– एक वाचक, देवगड