१९३७ च्या पत्रावर 'सेवाग्राम' कसे?

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : गांधीजींचे हस्तलिखित म्हणून विकलेले पत्र छापील निघाल्याबाबत

महोदय,

तुमच्या ऑनलाइन लिलावात मी गांधीजींचे एक हिंदी पत्र घेतले. वर्णनात 'संपूर्ण स्वहस्ते लिहिलेले, १९३७' असे होते, सोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्रही आले. पत्र अस्सल नाही.

माथ्यावर 'सेवाग्राम, वर्धा' लिहिले आहे. गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले ते सेगावला. बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगावशी घोळ होऊन टपाल भलतीकडे जायचे, म्हणून १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. मग १९३७ च्या पत्रावर ते आले कुठून? प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या तुमच्या तज्ज्ञांनी एवढेही पाहू नये, याचा मला संताप येतो.

शंका आली म्हणून भिंग लावले. टाकाची शाई कागदाच्या तंतूंत उतरते, हात दाबला जाईल तिथे रेघ जाड होते, रेघेवर रेघ आली की रंग गडद होतो. इथे यातले काहीच नाही. 'बापु के आशीर्वाद' या अक्षरांसकट सगळा मजकूर बारीक रंगीत ठिपक्यांचा आहे. आणि आता तुमच्या पुढच्या लिलावात हेच पत्र पुन्हा आले आहे, खालच्या कोपऱ्यातला शाईचा डागसुद्धा तोच!

फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले, पुष्कळ पत्रे गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई लिहीत, म्हणून अक्षर वेगळे वाटत असेल. महादेवभाईंच्या हातचे, खाली गांधीजींची सही असलेले पत्र असते, तर मी ते जीव लावून जपले असते. पण अक्षर कुणाचे हा वादच नाही. या कागदाला कुणाचा टाक लागलेलाच नाही.

कापसाच्या चुकाऱ्यातून मी हे पत्र घेतले ते गावच्या वाचनालयासाठी. सेवाग्राम आमच्याच जिल्ह्यातले; इथल्या पोरांनी त्या माणसाचे अक्षर प्रत्यक्ष पाहावे, एवढीच इच्छा होती. खोटा कागद मी त्यांच्यापुढे ठेवणार नाही.

पूर्ण रक्कम टपालखर्चासह पंधरा दिवसांत परत करा. दुसरी प्रत लिलावातून ताबडतोब काढा, आणि अशी प्रत आधी कुणाला विकली असेल तर त्यांनाही कळवा. 'विकलेला माल परत नाही' ही तुमची अट खोट्या वस्तूला लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. मुदतीत पैसे आले नाहीत, तर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

पावती, प्रमाणपत्र आणि भिंगातून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत.

आपला ग्राहक,
सेलू तालुका, जि. वर्धा