नाना मुद्दामच गेला होता

डोंबिवली, रविवार

प्रिय सुलू,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. गणपतीत तुझे फोन आले, मी उचलले नाहीत, आणि गेल्या पंधरवड्यात तर तुझ्या कुडाळवरून रात्रीच्या गाडीने गेले आणि उतरले नाही. उतरले असते तर कुठे चाललेय ते सांगावं लागलं असतं, आणि तू मला पुढे जाऊ दिलं नसतंस. तब्येत ठीक. थायरॉईड गोळीवर, गुडघा जिथल्या तिथे.

मी सर्फिंग शिकून आले. हस आता.

कल्पना अर्थात ओंकारची. सुरतकलला नोकरी लागल्यापासून त्याचं एकच, आई मुल्कीला चल. मुल्की आपल्या कोकण रेल्वेवरच आहे, सुरतकलच्या जरा अलीकडे. शांभवी नदी तिथे समुद्राला मिळते. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची पट्टी, म्हणजे थेट आपलं देवबागच, फक्त पाट्या कानडीत. तिथल्या आश्रमातल्या एका अमेरिकन स्वामींनी २००४ मध्ये सर्फ क्लब काढला. म्हणजे आपण दोघी घरी पोरांची शीशू करत होतो तेव्हा तिकडे स्वामी लाटांवर उभे होते. आता गावातलीच पोरं शिकवतात. मला शिकवणारा विशीतला असेल, आपसात तुळू, माझ्याशी हिंदी, आणि मी कायम ‘आँटी’.

आधी वाळूत. फळी ठेवायची, पालथं पडायचं, बरगड्यांशेजारी हात टेकायचे आणि एका झटक्यात उभं राहायचं. कांबळी सरांच्या पी.टी.ला पोटदुखीची चिठ्ठी देणारी मी! त्या चिठ्ठीवरची आप्पांची सही तू करायचीस, तेव्हा फार हसू नकोस. नंतर कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या फेसावर. नवशिक्यांना आठ-नऊ फुटांची मऊ फोमची फळी देतात, मागच्या पायाला दोरीने बांधलेली, म्हणजे तुम्ही पडलात तरी फळी पळून जात नाही. पडताना सूर मारायचा नाही, आडवं पडायचं आणि वर येताना हात डोक्यावर, कारण मागून तीच फळी टाळक्यात बसते. माझ्या बसली. पोरगा ओरडत होता, ‘पाँव मत देखो आँटी, सामने देखो,’ आणि मी पायच बघत होते. सगळ्यात कठीण म्हणजे लाटेकडे पाठ करून पडून राहायचं. आईने जन्मभर काय सांगितलं? दर्याक पाठ करूची नाय. इथे पाठ केल्याशिवाय धडाच सुरू होत नाही.

उभी राहिले. किती वेळ? ‘सुलू’ म्हणून होईल एवढा. पण राहिले. रात्री मुडदुशीचं तळण खाल्लं, तिकडे काणे म्हणतात, आपल्यापेक्षा तिखट. ओंकारने फोटो काढलेत, ते तुला कधीही दिसणार नाहीत.

आता खरं कारण. दुसऱ्या सकाळी पाण्यात उतरायच्या आधी पोराने मला वाळूत उभं केलं आणि विचारलं, आँटी, कुठून उतराल? दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधे एक पट्टा गुळगुळीत, एकही लाट नाही. मी तिकडे बोट दाखवलं. म्हणाला, सगळे हेच दाखवतात. लाटांनी किनाऱ्याला आणून टाकलेलं पाणी परत जाताना वाट काढतं, ती वाट तो पट्टा, म्हणून तिथे लाट फुटत नाही. त्यात सापडलेल्या माणसाला पाणी खाली ओढत नाही, बाहेर नेतं. माणूस घाबरतो, सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो, आणि बुडतो तो दमून. त्याने आडवं जायचं असतं. किनाऱ्याला धरून बाजूला, पट्टा संपेपर्यंत, आणि मग जिथे लाटा फुटतायत तिथून त्यांच्याबरोबर आत यायचं. शिकलेले फळीवाले तर मुद्दाम त्याच ओढीने बाहेर जातात, हातांना आराम म्हणून.

सुलू, नाना.

तुला वेगळं सांगायला नको. नवरात्राच्या आधीचा तो दिवस, पाऊस नुकता सरलेला, आपण दोघी वाळूत उभ्या राहून गळा फुटेस्तोवर ‘हयसर ये, हयसर ये’ ओरडतोय, आणि नाना आपल्याकडे बघतो, हात वर करतो आणि आडवा निघतो. पार तिकडे सुरूच्या बनापाशी बाहेर आला आणि चालत परत आला, वर हसत. तोवर आप्पा पोचले होते, निम्मा वाडा पोचला होता. आप्पांनी तुला विचारलं आणि तू सांगितलंस, ‘तो मुद्दाम गेलो.’ पुढचा आप्पांचा माडाच्या चुडताचा मार, ती गर्दी, तो हसणारा तोंडावळा कसा झाला ते तू पाहिलंयस, मी पाहिलंय.

त्यावरून मी तुझ्याशी प्रिलिमपर्यंत बोलले नव्हते. तू एकच घोषा लावलास, मी खोटं बोलले नाही. बरोबर होतं तुझं. मुद्दामच गेला होता तो.

तेव्हापासून झोप गेलीय. ओंकारच्या बापाला सांगितलं तर म्हणतात, पस्तीस वर्षं झाली, सोड. त्यांना काय कळणार, ते बदलापूरचे. नाना कणकवलीला सिमेंट-सळ्या विकतो, पोरांना सहलीला मालवणला जाऊ देत नाही, स्वतः पाण्यात पाय घालत नाही. सगळे म्हणतात, बुडता बुडता वाचला ना, धास्ती बसली. धास्ती पाण्याची बसली का? आप्पांचं शेवटचं सगळं त्यानेच केलं, हगणं-मुतणं, रात्रीची जागरणं. एकदाही तो विषय काढला नाही. म्हणजे आपण बरोबर होतो हे त्याला ठाऊक होतं आणि गिळलं? की ठाऊकच नव्हतं, नशिबाने आडवा गेला, आणि आपण मूर्खपणा केला म्हणून मार खाल्ला असं धरून बसलाय? दुसरं असेल तर उद्याच्या उद्या सांगायला हवं. पहिलं असेल तर मी कोण सांगणारी, दोन दिवस फोमच्या फळीवर पडून आलेली? आणि आता सांगून तो चिडणार कोणावर? आप्पा भिंतीवर हार घालून बसलेत.

एक तूच शोधू शकतेस. त्या मे महिन्यात नाना रोज पहाटे तुझ्या काकांच्या रापणीवर जाळ्याचे दोर किनाऱ्याला ओढायला पळायचा, आठवतं? आप्पांपासून चोरून, वाट्याचे बांगडे तुमच्याकडे भाजायचा. रापणीची माणसं पाण्याची वाट ओळखतात. काकांनीच दाखवली असेल का त्याला? (रापणकराची पुतणी असून तुला कोणी दाखवली नाही ती! मुलींना जाळं शिवायला बसवायचे, वाट कशाला दाखवतील.) आणि दाखवली असेल, तर त्या दिवशी काका गर्दीत होते की नव्हते? मला आठवत नाही. डोळ्यांसमोर आणते तर कधी दिसतात, कधी नाही. तू सांग. होते आणि गप्प राहिले असतील तर तेही सांग, मी तुझ्याशी पुन्हा अबोला धरणार नाही, आता तेवढं आयुष्य उरलेलं नाही.

गौरीचं ते नागपूरचं स्थळ पुढे गेलं का? भाऊजींची शुगर आटोक्यात ठेव, दुकानातले खाजे त्यांच्या हाताला लागू देऊ नकोस. ब्लाउज पीस मिळाले, सुंदर आहेत, शिवायला टाकलेत. आंगणेवाडीच्या जत्रेला नक्की येते, तारीख ठरली की कळव, तुझ्याकडेच उतरेन. आईला यातलं काही नको. ती समजते मी उडपीला कृष्णाचं दर्शन घेऊन आले, आणि दर्शन मी खरंच घेतलंय.

काकांना विचारशील तेव्हा नानाचं नाव आधी काढू नकोस. त्यांचं कानाचं मशीन लावून घे, आधी रापणीचं काढ, कुठल्या वर्षी मासळी किती लागली ते. मग नानापर्यंत ते आपणहून येतील. नाही आले, तर तेही मला लिही.

तुझी,
शुभा