सीडीआय वाचवणाऱ्या सोलापूरकरांचे आभार

सात रस्त्याजवळ भर पावसात माझ्यासोबत गाडी ढकलणारे दोघे भाऊ, आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणारे काका, तुमची नावं मला ठाऊक नाहीत. म्हणून इथे मनापासून आभार मानतो.

गाडी वडिलांची, जुनी 100 सीसीची. दमट हवेत बंद पडायची, ऊन पडलं की पहिल्या किकला सुरू. प्लग, कॉइल सगळं बदलून झालं होतं. काकांनी आधी कनेक्टरवरचा हिरवा थर पाहिला, मग सीडीआयच्या, म्हणजे प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटच्या, डबीच्या कडेनं नख फिरवलं. एका कोपऱ्यात आतलं सर्किट झाकणारी राळ केसभर सुटली होती. "ओल हितनं शिरती बघा," म्हणाले.

आतला चार्ज साठवणारा कपॅसिटर 200 ते 300 व्होल्टला भरतो. ठिणगीची वेळ सांगणाऱ्या पल्सर कॉइलचा इशारा मिळाला की एससीआर हा इलेक्ट्रॉनिक स्विच तो चार्ज इग्निशन कॉइलमध्ये सोडतो. ओलीमुळे चार्ज वाटेतच गळतो, ठिणगी पडत नाही. काकांनी रेझिस्टर लावून कपॅसिटर आधी डिस्चार्ज केला, गरम हवेनं राळ मऊ करत थोडी थोडी उकरली, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं बोर्ड धुतला, वाळवला, कपॅसिटर नवा टाकला. सील करायला व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन साफ नाकारलं. ते तांबं खातं. ॲसिड न सोडणारं न्यूट्रल सिलिकॉनच वापरलं. एवढी निगुतीनं केलेली दुरुस्ती आज बघायला मिळते कुठे!

पैसे फक्त कपॅसिटरचे घेतले, वर चहा पाजला. काका, वडिलांनी आग्रहानं सांगितलंय, थंडीत आमच्या शेतावर हुरड्याला यायचं.