पोहायला शिकवता, मग पायात गोळा आल्यावर काय करायचं तेही शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी जलतरण शिबिरांची माहिती आपल्या दैनिकात यंदाही आली. शुल्क, वेळा, वयोगट, डॉक्टरांचा दाखला, टोपी सक्तीची, सगळं नीट दिलं होतं. सोबत काळजी घेण्याविषयी एक चौकट होती. पायात पेटके येऊ नयेत म्हणून केळं खा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी प्या, जेवल्यावर दोन तास पाण्यात उतरू नका, असं तीत म्हटलं होतं. पण खोल पाण्यात असताना गोळा आलाच तर काय करायचं, याची एक ओळही त्यात नव्हती. मी जाते त्या तलावाच्या फलकावरही ती नाही. तेवढ्यासाठीच हे पत्र.

मी सांगलीत शिवणकाम करते. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, पोहायला जा. पोहता येत होतं कुठे? माझं माहेर कृष्णाकाठचं. भाऊ पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत शिकले, आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे राखत बसायचो. आता नदीत उतरावं तर अधूनमधून मगर दिसल्याची बातमी असते. म्हणून पन्नाशी उलटल्यावर तलावातली सकाळची महिलांची बॅच धरली. आमच्या बॅचमध्ये निवृत्त शिक्षिका आहेत, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या आहेत, एक आजीबाई सत्तरीच्या आहेत. बहुतेकींना कधी ना कधी पायात गोळा आलेला आहे. कपडे बदलायच्या खोलीत या विषयावर जेवढी चर्चा होते तेवढी सुनांवरही होत नाही.

पोटरीतला वांब सगळ्यांना माहीत असतो, रात्री झोपेतही येतो. पोहताना येतो तो बऱ्याचदा तळव्यात. अंगठा खाली मुडपतो, शेजारचं बोट त्याच्यावर चढतं, तळव्याची कमान ताठ होते आणि पाऊल आपलं ऐकेनासं होतं. जमिनीवर असतो तर ‘आई गं’ म्हणून खाली बसलो असतो. पाण्यात बसायला जागा नसते. माणूस घाबरून दुसरा पाय जोरात मारतो, श्वास वर अडकतो आणि दोन मिनिटांत दमतो. गोळ्यापेक्षा ही धडपड जास्त धोक्याची असते.

त्यात आमच्या वयाच्या बायकांची एक वेगळीच अडचण आहे. ओरडायची लाज वाटते. काठावर उभा असलेला जीवरक्षक आपल्या मुलाच्या वयाचा. पलीकडच्या लेनमध्ये शाळकरी पोरं सपासप पाणी कापत असतात. तिथे हात वर करून ‘अरे, मला धर’ म्हणायचं म्हणजे उद्यापासून ‘त्या बुडणाऱ्या काकू’. त्यामुळे बाई तोंड मिटून, चेहरा साधा ठेवून, कशीबशी कठड्यापर्यंत येते आणि दगडाला धरून ‘काही नाही, जरा थांबले’ म्हणते. आमच्या बॅचमध्ये मी हे इतक्या जणींना करताना पाहिलं आहे, की आता कुणी मध्येच थांबून फार गोड हसली तर मी आधी तिच्या पायाकडे बघते. शिकवणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या हिशेबी काकूंनी नुसता दम खाल्लेला असतो.

गोळा का येतो, यावर प्रत्येकीचं स्वतःचं शास्त्र आहे. कुणी म्हणतं मीठ कमी पडलं, कुणी कॅल्शियम, कुणी ‘पाळी गेली की हे असंच’. त्या वयात बाईच्या कुठल्याही दुखण्याचं खापर पाळीवरच फुटतं, हा माझा अनुभव आहे. मी शेवटी मुलीला विचारलं, ती फिजिओथेरपी शिकते. मिठाची गोष्ट अगदी खोटी नाही, असं ती म्हणाली. खाणीत किंवा जहाजाच्या भट्टीपाशी तासन् तास घाम गाळणाऱ्या कामगारांना पेटके यायचे आणि मीठपाण्याने उतार पडायचा, हे शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं आहे. पण सकाळच्या गार पाण्यात पाऊणएक तास डुंबणाऱ्या बाईचा असा किती घाम जाणार? आणि मीठच कमी पडलं असेल तर ते सगळ्या अंगात कमी पडेल, एकट्या उजव्या तळव्यात का?

आता बरेच अभ्यासक दमलेल्या स्नायूकडे आणि त्याच्या मज्जातंतूंकडे बोट दाखवतात. स्नायू दमला की त्याला ‘आवळ’ सांगणारे संदेश वाढतात आणि ‘पुरे, सोड’ सांगणारे कमी होतात. त्यातून तो स्नायू आधीच आखडलेल्या अवस्थेत असताना त्याच्याकडून आणखी काम घेतलं, तर तो अडकण्याची शक्यता वाढते. पोहताना पावलाचं नेमकं हेच होतं. आम्हाला पहिल्या दिवसापासून काय ऐकवलं जातं? ‘काकू, पंजे ताणा! गुडघे वाकवू नका, पंजे ताणा!’ ताणा म्हटलं की आम्ही बोटं खाली वळवून पाऊल लाकडासारखं कडक करतो आणि तसंच धरून पाय मारत राहतो. तळवा आणि पोटरी दोन्ही आखडलेल्या, वर काम चालूच. वीस वर्षांच्या मुलीचा घोटा लवचिक असतो, तिला पाऊल सरळ ठेवायला जोर लावावा लागत नाही. माझा घोटा तीस वर्षं मशीनच्या पायट्यावर एकाच बेताने हललेला आहे, त्याला जोर लावावाच लागतो. वयाबरोबर स्नायू कमी होतात ते निराळंच.

‘पंजे ताणा’च्या जागी ‘पंजे सैल सोडा, पाय कमरेपासून हलवा’ असं सांगितलं असतं तर आमचे निम्मे गोळे वाचले असते, असं माझं मत आहे. मत आहे, मोजमाप नव्हे. पण बॅचमधल्या ज्या ज्या बाईला मी हे सांगितलं, तिने दुसऱ्या दिवशी पाय सुटल्याचं कबूल केलं.

कपड्यांबद्दलही बोलते, कारण तो माझा धंदा आहे. बऱ्याच जणी संकोचाने सैल सुती पायजमा आणि कुर्ता घालून उतरतात. सुती कापड पाणी धरतं, पायजमा फुगतो आणि प्रत्येक लाथेला ते ओझं ओढावं लागतं. पाय लवकर दमतात आणि दमलेला पाय अडकतो, हे वर आलंच. मी आता बॅचमधल्या बायकांना नायलॉन-लायक्राचा, घोट्यापर्यंत अंगाबरोबर बसणारा पोशाख शिवून देते. अंग पूर्ण झाकलेलं राहतं आणि पाणी भरत नाही. (ही जाहिरात समजू नये, दुकानाचं नाव मुद्दामच लिहिलेलं नाही.)

गोळ्या-औषधांचं सांगायचं तर मॅग्नेशियमच्या गोळ्या आमच्यात प्रसादासारख्या वाटल्या जातात. वैद्यकीय चाचण्यांचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये पेटक्यांवरच्या मॅग्नेशियमच्या चाचण्या पुन्हा तपासल्या. वयस्क माणसांचे पेटके टाळायला त्याचा सांगण्यासारखा उपयोग होण्याची शक्यता कमी, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जेवणानंतर पोहण्याचंही तसंच. भरल्या पोटी जड वाटतं हे खरं, मीही चहा-बिस्किटावरच जाते. पण जेवून उतरलं म्हणून पेटके येऊन माणूस बुडतो, या समजुतीला अमेरिकन रेडक्रॉसच्या वैज्ञानिक सल्लागारांना पुराव्यांत आधार सापडला नाही.

मुलीने सांगितलेला एक प्रयोग मात्र मला फार आवडला. अमेरिकेत २०१० मध्ये काही जणांच्या पायाच्या मज्जातंतूला विजेचे सौम्य झटके देऊन अंगठ्याखालच्या छोट्या स्नायूत मुद्दाम पेटका आणला, म्हणजे अगदी आमचाच तळव्यातला गोळा. मग साधं पाणी किंवा लोणच्याचं पाणी प्यायला दिलं. लोणच्याचं पाणी प्यायल्यावर गोळा लवकर सुटला. ते पोटातून रक्तात उतरायच्या आत सुटला, म्हणून तो मिठाचा गुण नसावा. आंबट-खारट चव घशाला लागताच मज्जातंतूंकडून काहीतरी संदेश जात असावा, असा त्यांचा तर्क आहे. हे ऐकून आमच्यातली एक जण दुसऱ्या दिवशी कैरीच्या लोणच्याचा खार डबीत घेऊन आली. त्यांचं लोणचं व्हिनेगरमधल्या काकडीचं, आपलं तेल-मोहरीचं, हे तिला समजावेपर्यंत तिने तो चाटूनही टाकला होता. शिवाय तलावाच्या मधोमध डबी कोण आणून देणार?

मधोमध उपयोगी पडतं ते एवढंच. आधी पाय मारणं थांबवायचं. उताणं व्हायचं, कान पाण्यात, तोंड वर, श्वास सोडायचा आणि घ्यायचा. ब्रिटनच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचवणारी आरएनएलआय ही संस्थाही लोकांना हेच सांगते: धडपडू नका, आधी तरंगा. श्वास जाग्यावर आला की एक हात वर करून हाक मारायची. लाज कपड्यांच्या खोलीत ठेवून यायची. मग गुडघा वाकवून पाय जवळ घ्यायचा, अंगठ्यासकट बोटं हातात धरून नडगीच्या दिशेने ओढायची आणि धरून ठेवायची, हिसके द्यायचे नाहीत. गोळा पोटरीत असेल तर बोटं तशीच धरून गुडघा हळूहळू सरळ करायचा. स्नायू ताणला गेला की तो सुटतो. सुटल्यावर लगेच त्या पायाने पोहायचं नाही, कारण तो परत धरतो. नुसत्या हातांनी कडेला यायचं. अगदीच पाय लागला तर बेडूकपोहणं बरं, त्यात पाऊल वर वळलेलं असतं. उथळ भागात असाल तर सरळ उभं राहून तळवा फरशीवर दाबावा, तेवढंही पुरतं. भिंतीला पाय लावून जोरात ढकलताना पोटरी हमखास धरते, तिथे आमच्या वयाच्या माणसांनी घाई करू नये.

हे सगळं वाचून येत नाही. त्यासाठी उताणं तरंगता यायला हवं आणि तरंगताना स्वतःच्या पायाचं बोट धरता यायला हवं. उथळ पाण्यात, कुणीतरी पाठीखाली हात धरून, आठवडाभर रोज केलं तर जमतं. पण शिबिरांचा क्रम उलटा असतो. आधी कठडा धरून पाय मारणं, मग फळी घेऊन पाय मारणं, मग हात, मग श्वास, आणि तरंगणं दिवस उरले तर. माझे भाऊ म्हणतात, विहिरीत त्यांना आधी निवांत तरंगायला लावायचे, कारण विहिरीला उथळ टोक नसतं.

एक सावधगिरीही लिहिते. गोळे वारंवार येत असतील तर तलावाला दोष देण्याआधी आपल्या औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर काढतात, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी काहींचे स्नायू दुखतात, थायरॉइड कमी असेल तरी पेटके येतात. मनाने गोळी बंद मात्र करू नये. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, किंवा एकच पाय सुजून गरम-लाल झाला आहे, अशी लक्षणं असतील तर तो साधा गोळा नव्हे. दुसऱ्या प्रकारात तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पुरात आयर्विन पुलावरून उड्या घेणाऱ्यांचं कौतुक करणारं हे गाव आहे. त्या कौतुकातलं थोडं आम्हा उशिरा शिकणाऱ्यांच्या वाट्यालाही यावं. शिबिरं भरवणाऱ्या संस्थांना आणि पालिकेच्या क्रीडा विभागाला माझी विनंती आहे की चाळिशीच्या पुढच्यांच्या बॅचमध्ये पहिला आठवडा फक्त तरंगणं आणि गोळा सोडवणं यासाठी ठेवावा. जीवरक्षकाने रोज सुरुवातीला ‘कुणालाही गोळा आला तर हात वर करा, मी येतो’ एवढं मोठ्याने म्हणावं. फलकावरच्या नियमांत, थुंकू नये आणि तेल लावून उतरू नये यांच्या खाली, पायाची बोटं नडगीकडे ओढलेलं एक चित्र लावावं. अक्षरं वाचायला चष्मा लागतो आणि तो आम्ही बाहेर ठेवून आलेलो असतो. आपणही पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा केळ्याची ओळ काढून तिथे ही माहिती द्यावी.

आपली,
एक वाचक, सांगली