आपत्तीच्या बैठकीत नर्सला जागा द्या: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, गोवा राज्य, यांना सविनय नमस्कार.

मी सत्तरी तालुक्यातली निवृत्त नर्स. बरीच वर्षं आरोग्य उपकेंद्रावर काढली, शेवटची काही इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात. माझी मागणी एकच आहे, म्हणून ती आधीच सांगते. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर एका नर्सची नेमणूक करा.

23 जुलै 2021 चा दिवस आठवा. म्हादई नदी फुगली, रगाडा नदी फुगली, पैकुळचा पूल गेला, सत्तरी आणि डिचोलीत मातीच्या भिंती बसल्या. पाणी कुठे किती चढलं, हे सगळे एकमेकांना विचारत होते. माझ्या डोक्यात मात्र माणसं होती. पलीकडच्या वाड्यावर आठवा महिना लागलेली एक लेक, दोन वेळा इन्सुलिन घेणारे एक आजोबा, डायलिसिसची पाळी दुसऱ्या दिवशी असलेला एक घरकर्ता. यांची नावं एका ठिकाणी कुठे होती? उपकेंद्राच्या रजिस्टरात. ते रजिस्टर मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आदल्या संध्याकाळी माळ्यावर टाकलं होतं, म्हणून वाचलं.

बोट आधी कुठल्या वाड्यावर न्यायची, हे मला कोणी विचारलं नाही. मीच फोन लावत बसले. तिसऱ्या फोननंतर त्या लेकीला बाहेर काढलं. आजोबांपर्यंत माणूस पोचायला दुसरा दिवस उजाडला. वीज गेली तर इन्सुलिन घट्ट डब्यात घालून पाण्याच्या मडक्यात ठेवायचं, एवढं त्यांच्या सुनेला मी मे महिन्यातच सांगून ठेवलं होतं, त्यावर निभावलं. ती रात्र आजही माझ्या अंगावर येते.

पाणी उतरल्यावर घरातला चिखल काढायला गावची तरुण मुलं अनवाणी उतरली. उंदरांच्या मुताने नासलेलं पाणी पायाच्या जखमेतून आत जातं आणि लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांनी चढतो. तोवर मदतीच्या गाड्या परत गेलेल्या असतात. दारोदार फिरून ताप, पिंढऱ्यांचं दुखणं, लाल डोळे विचारत जाणारी उरते ती नर्स. 2015 पासून सत्तरीत माकडताप येऊ लागला तेव्हाही काजूच्या बागायतीत जाणाऱ्यांना गोचिडीपासून कसं जपायचं, हे नर्स बायकांनीच घरोघर समजावलं. कोविडचं तर तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या पुरानंतर एक आढावा बैठक झाली. आमच्यातल्या एकीलाही बोलावणं नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि ते मानपानाचं नव्हतं. जिला वाड्यावरचा प्रत्येक आजारी माणूस माहीत, तिच्याशिवायच पुढच्या पुराची तयारी ठरली.

3 मे 2025 च्या पहाटे शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. मी तोवर निवृत्त झाले होते. बातमी ऐकली आणि डोळ्यांपुढे आला तो कॅज्युअल्टीचा दरवाजा. एकदम वीस-पंचवीस जखमी आले की मोठ्याने ओरडणारा बहुतेकदा थोडा थांबू शकतो, निपचित पडलेल्याकडे आधी धावावं लागतं. हे नुसतं वाचून येत नाही. त्यासाठी सराव लागतो, आणि तो ड्युटीच्या वेळेत व्हायला हवा. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला सकाळी कवायतीला उभं करू नका.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 चं कलम 25 पाहा. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस अधीक्षक आणि मुख्य वैद्यकीय अधिकारी सदस्य. शिवाय जिल्हा पातळीवरचे जास्तीत जास्त दोन अधिकारी राज्य सरकारला नेमता येतात. त्यातल्या एका जागी नर्सिंगची जबाबदारी सांभाळणारी वरिष्ठ अधिकारी बसवा. कायदा बदलावा लागणार नाही, तुमच्या सरकारचा एक आदेश पुरेल.

तिचं पहिलं काम मी सुचवते. दर वर्षी मे संपण्याआधी प्रत्येक उपकेंद्राची यादी मामलेदार आणि अग्निशमन दलाच्या हातात पडावी. गरोदर बायका, अंथरुणाला खिळलेले, इन्सुलिन, डायलिसिस आणि ऑक्सिजनवाले, आणि कुठल्या वाड्याचा रस्ता किती पाण्यात तुटतो. आजाराची माहिती खासगी असते, म्हणून ती गरजेपुरत्याच माणसांच्या हाती राहील हेही तिने पाहावं.

अशी यादी कशी करायची, ते माझ्या जुन्या वहीत लिहिलेलं आहे. बोलावलंत तर वही घेऊन पणजीला येईन.

आपली नम्र,
सत्तरीतली एक निवृत्त नर्स