धागा तुटला की थांबणारा माग

ती. बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आईचा आवाज बदलतो आणि मी विषय वळवतो, म्हणून लिहितोय. इथला जपानमधला करार आणखी तीन वर्षं वाढवून घेतला. सही सोमवारीच झाली. आधी विचारायला हवं होतं, कबूल. फक्त पैशासाठी नाही हो. म्हणजे, थोडं पैशासाठीही. आईचे गुडघे आहेत, वरच्या खोलीचं प्लास्टर राहिलंय.

खरं कारण बाबांना कळेल. नागोयात मागांच्या जुन्या कारखान्यातच टोयोटाचं संग्रहालय आहे. साकिची टोयोडांचा १९२४ चा माग तिथं बघितला. धोट्यातली सुताची कांडी संपत आली की हा गडी न थांबता स्वतःच धोटा बदलतो, पण ताण्याचा एक उभा धागा तुटला तर जागच्या जागी थांबतो! तुम्ही रात्रपाळीला चार मागांमागे धावायचात ते आठवलं. साकिचींच्या मुलानं पुढं मोटारी काढल्या आणि मागाची ही खोड तिथंही नेली. आमच्या लाईनवर दोरी आहे. चूक दिसली तर नवखं पोरही ती ओढतं, मुकादम धावत येतो, कुणी खेकसत नाही. आपल्या शेडमध्ये माग थांबला की शेठ काय बोलायचे, ते आईसमोर लिहीत नाही. हे काम मला अजून नीट शिकायचंय.

तिथं माग सुरू केले तेव्हा त्या खडखडाटात मला चक्क पेंग आली. शेडच्या कोपऱ्यात गोधडीवर झोपायचो ना.

माझी काळजी नको. तूरडाळ मिळते, भात कुकरच वेळेवर शिजवून ठेवतो. संडासाची बैठकसुद्धा गरम असते. आई, हसू नकोस.

सुट्टीत इसेच्या देवळात गेलो होतो. ते देऊळ दर २० वर्षांनी शेजारच्या जागेत तसंच्या तसं नवं बांधतात. मागच्या वेळी २०१३ ला बांधलं, आता २०३३ ला. आधी वाटलं, काय हा खर्चिक हट्ट. मग कळलं, थोरल्या सुतारांचा हात धाकट्यांकडे जातो तो यामुळेच. रोबोटांच्या गावात हे!

आता ऐका. बाबा, कानाचं मशीन कपाटात नाही, कानात ठेवायचं. आई, पापड घालायला गच्चीवर चढायचं नाही. आणि छातीत दुखलेलं मला दीड महिन्यानं कळतं, हे चालणार नाही. धागा तुटला की त्याच दिवशी सांगायचं.

दिवाळीला नाही जमणार, मार्चमध्ये येतो. तिकीट काढलंय.

गुरुवारी रात्री आठला फोन करतो. माझे साडेअकरा वाजलेले असतात, पण मी जागाच असतो. मशीन घालून बसा.

तुमचा,
बाळू